पाणथळीतल्या गाठी

थोरलीच्या मुलाला नगरपालिकेनं शिट्टी दिली आणि तिसऱ्याच दिवशी त्यानं ती आपल्या आईवर वाजवली.

"आई, विळा खाली ठेव. कापायला मनाई आहे."

थोरली नदीकाठच्या पाणथळीत, डोक्याइतक्या उंच पाणकणसांत उभी होती. तिला अख्खा गाव थोरली म्हणायचा. तिच्यापुढं भलेभले धाकटे व्हायचे, म्हणून. हातातली पात न सोडताच तिनं विचारलं, "कुणाची मनाई?"

"साहेबांची. फलकावर लिहिलंय ना."

"फलकावर! नऊ महिने पोटात मी वागवलं की त्या फलकानं?"

मुलगा बुटांकडं बघत राहिला, पण विळा त्यानं घेतलाच. रखवालदाराची नवी नोकरी, नवी टोपी. विळ्याला चिठ्ठी बांधून त्यानं तो उद्यानाच्या कचेरीत जमा केला. आईच्या विळ्याला चिठ्ठी बांधणारा मुलगा तिनं जन्माला घातला होता, हे त्या दिवशी तिला कळलं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत या पाणथळीकडं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. मग गावाला सुंदर करायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं. काठानं बाक आले, तेही असे ठेवलेले की बसणाऱ्याची पाठ नदीकडं आणि तोंड गाड्यांच्या तळाकडं. बारा पक्ष्यांची चित्रं असलेला मोठा फलक आला. तो ठोकताना जो काही दणदणाट झाला, त्यानं बारांतले नऊ पक्षी उडून गेले ते अजून परतले नव्हते. लोक येऊन फलकावरचे पक्षी बघायचे आणि समाधानानं घरी जायचे.

थोरलीचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. तिला हवी होती पात. पाणकणसाची लांब पात कापायची, सावलीत वाळवायची आणि घरातल्या मागावर तिच्या चटया विणायच्या. पात तयार असते दहा-बारा दिवस. त्याआधी कापली तर कुजते, नंतर कापली तर तुटते. ते दिवस हातचे गेले की माग वर्षभर रिकामा. सुनेचा हात यंदा कुठं मागावर बसायला लागला होता, आणि बसलेला हात वर्षभर रिकामा राहिला की पुन्हा दगड होतो, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. त्या दहा-बारांतले चार दिवस उडून गेले होते.

"साहेबांना जाऊन भेटा ना, आई," सून म्हणाली.

"मी भेटू? त्यांना गरज पडली की येतील ते."

तसे साहेब एकदा येऊन गेलेच होते, पण थोरलीला भेटायला नव्हे. ते आले होते गाठी बघायला.

या गाठींचं असं होतं. दरवर्षी पूर ओसरला की थोरली काठीनं चिखल टोचत पाणथळीत शिरायची. जिथं खाली घट्ट जमीन लागेल, तिथं दोन पाती एकत्र घेऊन गाठ मारायची. जिथं गाठ, तिथं पाय. गाठ नाही तिथं माणूस कमरेपर्यंत आत. पुरानं जमीन सरकायची, म्हणून गाठी दरवर्षी नव्या.

साहेबांनी लाकडी फळ्यांची वाट काढली ती निम्म्या पाणथळीपर्यंत. पुढं फळ्या संपल्या, म्हणून त्या भागाला 'निसर्गवाट' असं नाव दिलं. आणि तिथं त्यांना या गाठी दिसल्या.

"अरे वा! लोककला!"

थोरलीचा मुलगा मागं उभा होता. तो म्हणाला, "साहेब, त्या खुणेच्या गाठी आहेत."

"असू दे, असू दे. पण कशाही आहेत रे, एक इथं, एक तिथं. एकसारख्या करून घे. दर तीन पावलांवर एक, दोन्ही बाजूंना. वर लाल फीत."

"साहेब, पण खाली जमीन..."

"काही म्हणायचं असेल तर लेखी दे."

लेखी द्यायचं म्हणजे कागद, अर्ज आणि आवक क्रमांक. मुलानं शिट्टी खिशात टाकली आणि मजूर बोलावले. दोन दिवसांत निसर्गवाटेवर तीनशे गाठी झाल्या. गाठी कलेचा नमुना ठरल्या, म्हणून पात कापायला मनाई झाली.

उद्घाटनाच्या दिवशी थोरली काठावर, नदीकडं तोंड करून, खाली जमिनीवर बसली होती. बाकावर बसून नदीला पाठ दाखवायची तिची तयारी नव्हती. अध्यक्षबाईंनी फीत कापली. साहेबांनी माहितीपत्रकातून वाचलं, "पूर्वजांनी बांधलेल्या गाठींचा माग घेत चला." पूर्वज काठावर बसून दात कोरत होते.

सगळे फळ्यांवरून टकटक करत गेले. फळ्या संपल्या. पहिली गाठ आली, दुसरी आली. पाचव्या गाठीला साहेब गुडघ्यापर्यंत गेले. त्यांना धरायला पुढं झालेल्या अध्यक्षबाई मांडीपर्यंत गेल्या. फोटोवाला फोटो काढता काढता कॅमेरा डोक्यावर धरून उतरला. कुणी हलला की आणखी चार बोटं खाली जायचा.

"आजी! अहो आजी!" साहेब ओरडले. "काहीतरी करा!"

थोरली सावकाश उठली, फळ्यांच्या टोकापर्यंत आली आणि उभी राहिली.

"करते की. पात कापून चिखलावर अंथरावी लागेल, म्हणजे तुम्हाला पाय टाकता येईल. पण कापायला मनाई आहे ना."

"कापा!"

"विळा जप्त आहे."

"अरे, विळा आण!" साहेब तिच्या मुलावर खेकसले. मुलगा धावत गेला आणि विळा घेऊन आला, चिठ्ठीसकट.

"कापू म्हणता? नंतर शिट्टी वाजणार नाही ना? अध्यक्षबाई, तुम्ही ऐकलंत? मला लिहिता येत नाही, म्हणून मोठ्यानं बोलायला सांगते."

"कापा हो बाई, कापा!" अध्यक्षबाई रडकुंडीला आल्या होत्या. "लेखीसुद्धा देऊ!"

तीनशे गाठींत थोरलीनं आपल्या गाठी अशा ओळखल्या, जशी घरातली भांडी आवाजावरून ओळखावीत. मजुरांच्या गाठी फुलासारख्या होत्या, तिच्या गच्च. गच्च गाठींवरून ती आत शिरली. भराभर पात कापली, पेंढ्या आडव्या टाकल्या आणि एकेकाला बगलेत धरून ओढून काढलं. साहेबांचा एक बूट निसर्गानं ठेवून घेतला. कापलेली सगळी पात चिखलात गेली. चटईच्या कामाची त्यातली एकही उरली नाही.

दोन दिवसांनी मुलानं कागद आणला. पात तयार असण्याचे आता तीन दिवस उरले होते. सुनेनं कागद वाचला, "पाणथळ क्षेत्रात एखादी व्यक्ती चिखलात रुतल्यास, ती रुतलेली असेपर्यंत, श्रीमती थोरली यांना पात कापण्यास परवानगी राहील. इतर वेळी मनाई कायम."

"बघितलंत?" सून चिडली. "जीव वाचवला, त्याचं हे असं!"

थोरली चिडली नाही. तिनं विचारलं, "'असेपर्यंत' लिहिलंय?"

"लिहिलंय."

"शिक्का?"

"आहे. गोल, जांभळा."

थोरलीनं मुलाकडं बघितलं. नवी टोपी, नवी शिट्टी, पायात नगरपालिकेचे काळे बूट.

"बूट काढ," ती म्हणाली.

सकाळी मुलगा पाणथळीत गुडघ्यापर्यंत उभा होता. जागा आईनं काठीनं टोचून निवडली होती, त्यापेक्षा खोल जायची भीती नव्हती. थोरली कापत होती, सून पेंढ्या बांधून काठावर नेत होती. दहाच्या सुमाराला साहेब फळ्यांवरून आले. त्यांनी चिखलातल्या रखवालदाराकडं बघितलं, थोरलीकडं बघितलं, मग आपल्याच सहीचा कागद दोनदा वाचला.

"अजून निघाला नाही हा?"

"निघेल हो," थोरली विळा न थांबवता म्हणाली. "फार रुतलाय. परवापर्यंत निघेल असं वाटतं."

साहेब घसा खाकरून निघून गेले.

"आई," मुलगा कळवळून म्हणाला, "पाय बधिर झाले गं."

"अजून तो कोपरा राहिलाय. तू शिट्टी वाजव मधून मधून, म्हणजे कामावर आहेस असं दिसेल."