आठ पाये आणि एक यंत्र

महाडात ज्या घरातला माणूस सौदीत कमावतो, त्या घरात फ्रीजशेजारी वीज निम्मी करणारा एक जड लोखंडी खोका असतो. सौदीची वीज आपल्या निम्म्या जोराची. तिकडचा मिक्सर इकडे थेट लावला तर एकदाच फिरतो आणि धूर सोडतो. म्हणून मिक्सरची पिन खोक्यात, खोक्याची भिंतीत. शरिफाच्या घरी हा नियम पाच वर्षं कोणी मोडला नव्हता.

तिच्या नवऱ्याने, जलीलने, या खेपेला स्लो कुकर आणला. सकाळी मटण घालायचं, बटण दाबायचं, संध्याकाळी जेवायचं. मधे कुणी बघायला नको. शरिफाला नेमकं हेच हवं होतं. जवळच्या वीर गावातल्या शिवणवर्गात शिकवायची नोकरी चालून आली होती, नऊ ते पाच. अडसर एकच, सासू.

"तू वीरला जाशील, नि टोपाकडे कोन बघंल? माझे गुडघे?" अम्मा म्हणाली.

"मशीन बघेल."

"मंग बकऱ्याचे पाये शिजवून दाव. शिजले तर जा. नाय शिजले तर ती नोकरी दुसरीला दे."

अम्माचे पाये पहाटे चुलीवर चढत आणि दिवस मावळताना उतरत. कायदा तिचा, न्यायाधीशही तीच. शरिफा कबूल झाली.

रविवारी सकाळी सात वाजता आठ पाये, आलं-लसूण, कांदा आणि पाणी कुकरात गेलं, कुकरची पिन खोक्यात गेली आणि तांबडा दिवा लागला. त्या दिवशी लोडशेडिंगनेही सुट्टी घेतली होती. अम्माने ओट्यासमोर स्टूल ओढलं आणि मतमोजणीला बसलेल्या उमेदवारासारखी बसली. जेवायलाही उठली नाही, ताट तिथेच मागवलं.

दुपारी शेजारची रखमा डोकावली. "काय गो, वास नाय येत?"

"मशीन वास आत ठेवतं," शरिफा म्हणाली. हे तिने तिथल्या तिथे शोधून काढलं होतं.

पाच वाजता झाकण उघडलं. रस्सा बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतका कोमट होता. पाये सकाळी होते तसेच, फक्त जरा ओले. तांबडा दिवा मात्र निष्ठेने जळत होता.

अम्माने एक पाया बोटाने दाबून बघितला आणि परत रश्श्यात सोडला. ते जास्त लागलं.

तेवढ्यात जलीलचा फोन आला. शरिफाने सगळं सांगितलं. पलीकडे तो हसायला लागला.

"अगं, खोक्यात कशाला लावलास? वर्ष झालं ना मला सौदी सोडून दुबईला येऊन! इथली वीज आपल्यासारखीच. त्या खोक्याने त्याचा जीवच काढून घेतला असणार."

"मग आणलास तेव्हा विजेचं का नाही बोललास?"



तिने फोन ठेवला. अम्मा गुडघे दाबत म्हणाली, "कारन काय पन असू दे. पाये शिजले नाय. हरलीस."

शरिफाने पाये प्रेशर कुकरमध्ये ओतले, शिट्टी बसवली आणि गॅस पूर्ण मोठा केला.

"मशीन हरलं, अम्मा. मी नाय. उद्या नऊला मी वीरला असणार."

"आन् टोपाकडे कोन बघनार?"

"तुम्ही. आज दहा तास बघितलंत, जागचं न हलता. आत काही शिजत नव्हतं तरी बघितलंत. उद्या खरंच शिजत असेल, म्हणजे करमणूक जास्त."

 पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. शरिफा पाठ फिरवून कांदा चिरत होती, डोळ्यांत पाणी होतं, त्याचं श्रेय तिने कांद्याला देऊन टाकलं होतं.

आठव्या शिट्टीला अम्मा म्हणाली, "लबाड हायस."

"हो."

"रिक्षावाल्याला आत्ताच सांगून ठेव मंग. सकाळी वीरची रिक्षा मिलत नाय."