पुढची सायकल

“आख्ख्या कारखान्यात आपल्यासारखं जोडपं शोधून दाखव,” ओढ्यावरच्या मोरीच्या चढावर उभ्यानं पायडल मारत रेडिओ म्हणाला. “लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या रस्त्यावर आपलं एकदा तरी वाजलंय? नाही वाजलं. का, तर मी बोलतो आणि तू ऐकतेस. खरं की नाही?”

मागून काही उत्तर आलं नाही. म्हणजे खरं होतं.

तो रोज असाच पुढे असायचा. गाव संपलं की सडक सरळसोट शहरापर्यंत जायची, दोन्ही बाजूंना शेतं, मान वळवायला काही कारणच नाही. रेडिओ हे नाव त्याला जॅमच्या कारखान्यात पडलं होतं. आवाज खणखणीत म्हणून पडलं, असं त्याचं मत. बंद करायचं बटण सापडत नाही म्हणून पडलं, असं बाकीच्यांचं. तो झाकण खात्याचा मुकादम होता आणि बायको लेबल खात्यात. बाटलीला आधी झाकण बसतं आणि मग लेबल लागतं, तेव्हा संसारही त्याच क्रमानं चालला पाहिजे, हे त्यानं केव्हाच धरून टाकलं होतं.

चढ संपला, उतार लागला आणि हँडलला अडकवलेला डबा सुटून रस्त्यावर आपटला. चांगला घरंगळत गेल्याचा आवाज आला.

“अगं, तेवढा डबा उचल गं,” तो म्हणाला. थांबला मात्र नाही. फुकटात मिळालेला उतार वाया घालवणाऱ्यांतला तो नव्हता. मग मॅनेजरनं काल झाकणांच्या यंत्राला उलटा पट्टा लावायला सांगून कशी शोभा करून घेतली, ती गोष्ट त्यानं पार रेल्वे फाटकापर्यंत पुरवली. फाटकाशी थोडं हसूनही घेतलं, कारण ती गोष्ट तिथंच हसायची होती.

कारखान्याच्या दारात तो उतरला, सायकल स्टँडला लावली आणि डब्यासाठी हात पुढे करून उभा राहिला. बायको आली. पण सडकेवरून नाही, डावीकडच्या गोदामामागच्या बोळातून आली. तिच्या कॅरिअरला तिचा डबा होता आणि चाकांना ओली माती.

“डबा?” तो म्हणाला.

“कुठला डबा?”

“पडला तो. उचल म्हणालो ना तुला.”

दाराशी बसलेल्या वॉचमननं आभाळाकडे बघितलं. आभाळात काही नव्हतं.

“मी कालव्यानं येते,” ती म्हणाली. “चला, भोंगा होईल.” आणि ती कालचंच काहीतरी सांगितल्यासारखी आत निघून गेली.

सकाळभर झाकणं वाकडी बसली. दुपारी तिनं आपल्या डब्यातलं अर्धं झाकणात काढून कारखान्यातल्या हरकाम्या पोराच्या हाती पाठवलं, ते घेऊन तो वॉचमनच्या खोपटात जाऊन बसला. वॉचमन त्याचा जुना दोस्त, पण या बाबतीत त्याच्याकडून एक शब्द काढायला दोन विड्या खर्ची पडल्या. वहिनी कालव्यानं येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लेबलवाल्या बायकांना, ट्रकवाल्यांना, झाडूवाल्याला. कधीपासून, ते वॉचमनला सांगता येईना, कारण तो नोकरीला लागला तेव्हाही त्या बोळातूनच यायच्या. सडकेवर तू एकटाच हातवारे करत येतोस, ते लांबून दिसतं, असंही तो म्हणाला. नवीन माणसं विचारतात, मग त्यांना समजावून सांगावं लागतं.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगणार होतो रे,” वॉचमन म्हणाला. “पण तू बोलत होतास.”

रेडिओच्या हातातला घास हातातच राहिला. त्या रस्त्यावर त्यानं काय काय विचारलं होतं, ते आता एकेक करून आठवायला लागलं. मुलीला लांबच्या शहरात शिकायला पाठवायचं ना, तुझी काही हरकत नाही ना? हरकत नव्हती. घराला हिरवा रंग देऊ या का? देऊ या. रंगारी काम करून गेला, त्या संध्याकाळी बायको दारात उभी राहून नुसतं “हिरवा?” म्हणाली होती, आणि त्याला वाटलं होतं, खूश झाली. तिच्या भावाला आपल्याकडे ठेवून घेणं जमायचं नाही, हेही त्यानं मोरीजवळच सांगितलं होतं. काय समजूतदार बाई आहे, अवाक्षर काढलं नाही, असं तो त्यानंतर कितीतरी जणांना म्हणाला होता. पाव्हण्यांच्या घोळक्यात तिच्या तोंडावर म्हणाला होता. तेव्हा ती उठून पाणी आणायला गेली होती.

हे सगळं एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. पण आणखी एक गोष्ट होती.

त्याची आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. रात्री ती हाक मारायची. हाक मारायची ती मुलालाच, नाव घेऊन, आणि उठायची सून. रेडिओ बाहेरच्या खोलीत डोळे मिटून पडून राहायचा. हाकेनं जाग आलेली असायची. अंथरूण बदलल्याचं ऐकू यायचं, बादलीत पाणी ओतल्याचं ऐकू यायचं, बायकोचं हळू आवाजात समजावणं ऐकू यायचं, आणि तो झोपलेल्या माणसासारखा निश्चल पडून असायचा. आई गेल्यावर दिवस उलटले तरी तो सल जाईना. घरात समोरासमोर बोलणं त्याला जमेना. इतकं बोलणारा माणूस, पण बायकोच्या तोंडाकडे बघितलं की जिभेवर झाकणांचं यंत्र आणि मॅनेजरच यायचे. शेवटी एका सकाळी मोरी ओलांडल्यावर, समोरच्या रस्त्याकडे बघत, त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. मी जागा असायचो. मला धीर झाला नाही. आईचं तू जे केलंस, ते माझ्यानं झालं नसतं. मागून काहीच आलं नाही, टोमणा नाही की हुंकार नाही, आणि त्याला वाटलं होतं, केवढं मन आहे हिचं. त्या दिवशी तो फाटकापर्यंत हलका होऊन गेला होता. तेव्हापासून हलकाच होता.

हलकं व्हायला मदत कुणी केली होती, तर मोकळ्या सडकेनं.

अर्थात ती कालव्याच्या वाटेला लागली ती त्याच्यानंतरची गोष्ट असू शकत होती. रेडिओनं दुपारभर या एका धाग्याला धरून झाकणं मोजली. लेबल खातं लवकर सुटायचं, म्हणून संध्याकाळी ती आधी घरी पोचायची. तो पोचला तेव्हा ती हिरव्या भिंतीला टेकून कपड्यांच्या घड्या घालत होती. बसल्या बसल्या त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, ही कालव्याची वाट कधी सापडली तुला.

“पडले होते ना मी,” ती घडीवरची सुरकुती सारखी करत म्हणाली. “गावातल्या शेवटच्या घरापुढे खड्डा होता. हाक मारली, तर तुम्ही बोलत पुढे गेलात. कोपर फुटलं होतं. कारखान्याच्या दारात आले तर म्हणालात, जरा लवकर निघत जा.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “मग म्हटलं, कुणी ऐकतंय की नाही यावर तुमचं काही अडत नाही. कालव्यावर सावली तरी आहे.”

“आई होती तेव्हा?”

“होत्या की. त्यांच्या औषधाची बाटली तेव्हाच तर फुटली माझ्या पिशवीत. त्यावरून बोलला होतात मला.”

ते त्याला आठवलं. बाटलीवरून काय काय बोललो, तेही आठवलं. तो उठला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं मान वर केली, हातातली घडी तशीच धरून. त्यानं तोंड उघडलं आणि उलट्या पट्ट्याचं यंत्र अखेर सुलटं कसं केलं ते तिला सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या घरापाशी ती वळली, तर तोही वळला.

“तुम्ही कुठं इकडं?”

“सावली आहे म्हणालीस,” तो म्हणाला.

आता तो मागे होता. ठरवून मागे राहिला होता. ती पुढे बघत असेल आणि आपण मागून सांगू, म्हणजे तोंडही दिसणार नाही आणि तिला ऐकूही जाईल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब चोख होता, फक्त एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. बायको त्याच्यापेक्षा जोरात सायकल चालवायची. घरापासून शेवटच्या घरापर्यंत ती इतकी वर्षं त्याच्यामागे ब्रेकवर बोटं ठेवून आली होती. इथं तिनं बोटं उचलली आणि पाहता पाहता झाडांच्या दुसऱ्या रांगेशी पोचली. रेडिओ ताठ उभा राहून पायडल मारायला लागला. “आई—” असं एकदा म्हणून पाहिलं, तर धाप लागून खोकला आला. पुढच्या वळणावर कपडे धुणाऱ्या बायकांनी तिला हात केला. तिनं घंटी वाजवली, कुणीतरी काहीतरी ओरडलं आणि ती हसली. मोकळी, मोठ्यानं. हे हसणं घरात कधी आलं होतं, ते त्याला आठवेना. त्या बायकांनी मागून धापा टाकत येणाऱ्या माणसाकडे परका कोण म्हणून बघितलं.

वळणापलीकडे ती थांबली होती. एक पाय जमिनीवर टेकवून त्याची वाट बघत होती.

“बाजूनं चला,” ती म्हणाली. “वाट रुंद आहे.”

मग ते बाजूबाजूनं निघाले, ती शेताकडून, तो पाण्याकडून. तिनं चाल त्याच्या बेतानं ठेवली होती. समोर कारखान्याची चिमणी दिसायला लागली होती, म्हणजे आता नाही तर नाहीच.

“आई रात्री हाक मारायची ना,” तो म्हणाला, “तेव्हा मी जागा असायचो.”

म्हणाला आणि तिच्याकडे बघितलं. सायकलवर असताना तिचं तोंड त्यानं कधी बघितलंच नव्हतं. कपाळावर घाम होता, कानामागच्या बटा पांढऱ्या झाल्या होत्या आणि डोळे वाटेवरच होते. ते हलले का, एवढं त्याला बघायचं होतं. तो बघत राहिला, आणि सायकल काठ सोडून सरळ कालव्यात गेली.

पाणी गुडघाभरच होतं. तो उठून उभा राहिला. बायकोनं आपली सायकल झाडाला टेकवली, वाकून त्याचं हँडल धरलं आणि सायकल वर ओढून घेतली. लागलं का विचारलं. नाही म्हणाला.

“माहीत होतं मला,” ती चाकात अडकलेलं गवत काढत म्हणाली.

“काय?”

“जागे असायचात ते. आईंनी हाक मारली की तुमचं घोरणं थांबायचं.”

तो पाण्यात उभा राहिला. एक रात्र नाही की दोन रात्री नाहीत. ती प्रत्येक वेळी त्याच्या अंथरुणाजवळून गेली होती, घोरणं थांबलेल्या माणसाजवळून, आणि दार वाजू न देता गेली होती. अजून पुढचं सांगायचं राहिलं होतं, खरं तर तेच सांगायचं होतं. शब्द तयार होते, सडकेवर एकदा म्हणून झालेले. पण आता ती समोर उभी होती, आणि त्यातला एकही पुरेसा वाटेना.

भोंगा झाला.

“या मागून,” ती म्हणाली. “मी सांगते आत, येताहेत म्हणून.” ती सायकलवर बसली आणि बोळाच्या दिशेनं गेली.

तो काठावर चढायला लागला, तेव्हा डावी चप्पल चिखलात राहिली. हात घालून बरीच शोधली. त्या दिवशी तो एका चपलेवर कामावर गेला.