ओडेसाने टाकलेली ओळ

ओडेसा प्रिंगलच्या मागे मी अकरा वर्षं ऑर्गन वाजवला. डेट्रॉइटपासून शिकागोपर्यंत तिचं जॅझ गाणं ऐकायला क्लबात खुर्च्या कमी पडायच्या. मग एकोणीसशे सहासष्ट साली गोऱ्यांच्या मोटारींसाठी आम्हा काळ्यांची हेस्टर गल्ली पाडून तिथून हमरस्ता न्यायचं ठरलं आणि बाईंच्या डोक्यात मोर्चे शिरले. दोन गाण्यांच्या मध्ये ती भाडेकरूंच्या सभेची वेळ सांगायची. एकेका क्लबाने दार लावलं, रेकॉर्ड कंपनीने नाव काढून टाकलं. मला भयंकर राग यायचा. असला गळा, आणि बाई पत्रकं वाटत फिरतेय.

"लूशस, तू घर सोडणार नाहीस ना?" दर रविवारी चर्चच्या पायरीवर तिचा प्रश्न.

"मी कुठं जातोय? घरातला तो ऑर्गन काय तू उचलणारेस?"

हमरस्त्याच्या शेवटच्या सरकारी सुनावणीला आम्ही साठेक जण होतो. वस्तीतर्फे ओडेसाला दोन मिनिटं मिळाली. तिने हातातला कागद दुमडला.

"मी भाषण करत नाही. काय ते माझी माणसंच सांगतील," ती म्हणाली आणि तिने गीताची ओळ टाकली.

ही आमच्या चर्चची रीत, गीतांची पुस्तकं नव्हती तेव्हापासूनची. एकाने ओळ गाऊन टाकायची, सगळ्यांनी ती झेलायची, म्हणजे त्याच्यामागे सुरात म्हणायची. झेलली नाही तर पुढची ओळ येत नाही. ओडेसाची ओळ कधी खाली पडल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी कुणी झेलली नाही. आमच्या गल्लीतल्या पर्सिस मावशी पर्सच्या कडीशी चाळा करत बसल्या. घर सोडण्याच्या कागदावर मी आदल्या मंगळवारीच गुपचूप सही केली होती. वाटलं होतं, साठ आवाजांत माझा एक नसला तर कुणाला कळणार आहे? नंतर कळलं, बाकीच्यांनीही सह्या करताना तोच हिशेब केला होता.

तिने ओळ पुन्हा टाकली, या वेळी माझ्याकडे बघून. सूर मला पाठ होता. पण सही करून आल्यावर ते गीत म्हणायची लाज वाटली.

"बाई, अजून चाळीस सेकंद आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"नकोत. पुढचं एकटीने म्हणायचं नसतं."

महिन्याभरात गल्ली पडली. ओडेसाने सही केली नव्हती, म्हणून तिचं घर सगळ्यांत शेवटी पाडलं. आता ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. दुसऱ्या कुणी ओळ टाकली की झेलते. स्वतः टाकत नाही.