झीलकरी

"जी जी रं जी जी!" वडिलांचा तो खडा आवाज शरदचंद्रांच्या कानात अजून घुमायचा. वडील झीलकरी होते. शाहिरामागे उभं राहून ध्रुपद उचलून धरायचे. "शाहिराचा दम सरला तरी गाणं पडू द्यायचं नाही," म्हणायचे.

शरदचंद्र मात्र मद्रासला आल्यापासून 'आमचे वडील शाहीर होते' असंच सांगत आले. आवडी या उपनगरातल्या कारखान्यात, कामावर सांगितलं, घरातही सांगितलं. आणि मोठ्या गायकांमागे गिटार वाजवणाऱ्या हेरंबला, आपल्या मुलाला, वीस वर्षं टोमणे मारले. "पोस्टरवर तुझं नाव कुठाय रे? नुसती दुसऱ्याची झील ओढतोस!"

हेरंबने हल्ली त्यांना बोलावणंच सोडलं होतं. आज ते स्वतःच त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट काढून शहरातल्या गिंडी भागातल्या सभागृहात मागे बसले. त्या दणदणाटात कान बधिर झाले. इतक्यात ऐन रंगात नावाजलेली गायिका ओळ विसरली. हेरंबने तीच ओळ गिटारवर अलगद वाजवली, पुन्हा एकदा वाजवली, आणि तिला शब्द सापडले. टाळ्या तिला पडल्या. हेरंब गालात हसून मागे सरकला.

कार्यक्रम संपल्यावर तो दारातच भेटला. "अय्यो बाबा, तुम्ही? कान फुटले असतील की!"

"फुटले. पण उघडलेही." शरदचंद्रांनी त्याची घट्टे पडलेली बोटं हातात घेतली. "हेरंबा, तुझे आजोबा शाहीर नव्हते रे. झीलकरी होते. मला लाज वाटायची. आज तू वाजवलंस ना, तसंच धरायचे ते गाणं."