पटावर नसलेली

"काका, मी तर वर्गात झोपलेलोच असायचो. चालेल ना?"

"झोपलास, पण वर्गात झोपलास. हजर!" बाबांनी दाखल्यावर शिक्का उमटवला, आणि पायऱ्यांवरच्या रांगेत हशा पिकला.

कॉलेजला कुलूप लागून दोन महिने झाले होते. संचालकांनी गाशा गुंडाळला होता. मागे उरले होते पगार थकलेले हेडक्लार्क, म्हणजे तिचे बाबा. बंद दारासमोर टेबल टाकून ते बसले होते. सरकारचा नियम सोपा होता: कॉलेज बंद झालं त्या दिवशी जो पटावर असेल, त्याचं शिक्षणकर्ज माफ. दाखला बाबांनी द्यायचा.

ती शेजारी बसून रजिस्टरात एकेकाचं नाव शोधून देत होती. स्वतःचं मात्र तिला शोधावं लागलं नाही. आईच्या ऑपरेशननंतर घरी कुणीतरी हवं, म्हणून तिने कॉलेज सोडलं होतं; ते बंद पडायच्या अकरा दिवस आधी. नावावरची लाल रेघ बाबांच्याच हातची होती.

रांग संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, अकराच दिवस. तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे, तेवढं पुरे नाही का?"

"त्या झोपाळूचं माफ, आणि पहिल्या बाकावरची मी जन्मभर फेडत बसू?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "बँकवाले आधी कुणाचा दाखला तपासतील? क्लार्कच्या मुलीचा. तो खोटा निघाला, की दोनशे बारा पोरांचे खरे दाखले लटकले. तुझं आपण दोघं फेडू."

"लोक वेडं म्हणतील तुम्हाला."

"म्हणू देत. तुझी आई तीस वर्षं म्हणतेय, काही बिघडलं नाही."

चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बाबा, एकसष्टाव्या वर्षी, एका वकिलाकडे टायपिंगला लागले. तिलाही दुकानात काम मिळालं. दर महिन्याच्या पाच तारखेला दोघं मिळून बँकेत जात. अर्धा हप्ता तिचा, अर्धा त्यांचा. आठ वर्षांत एकही तारीख चुकली नाही.

सात हप्ते उरले असताना बाबा गेले.

पुढच्या पाच तारखेला ती खिडकीपाशी उभी राहिली. कॅशियरने तिने दिलेल्या नोटा मोजल्या, मग तिच्या मागे पाहिलं.

"आज सगळे तुम्हीच भरताय? बाबा मागून येतायत का?"

"नाही," ती म्हणाली. "पावती त्यांच्याही नावाची द्या."