नव्वदवर लावलेला पाना

सॅन्टन अंकलांनी लाल पेटी युजीनच्या मांडीवर ठेवली आणि हात मागे घेतला.

“घेऊन जा. आजपासून तुझा.”

पेटीत टॉर्क पाना होता. भुईगावात असा एकच. दांड्यावर आकडा लावायचा, नट आवळत जायचं, हवा तेवढा घट्ट झाला की पाना ‘टक’ करतो. मग हात थांबवायचा. अंकल जहाजावर फिटर होते. निवृत्त होताना त्यांनी तो आणला, आणि गेली सोळा वर्षं ओळखीपाळखीच्या मोटरसायकली ते घरच्या ओट्यासमोर हौसेने दुरुस्त करत होते.

“पण का?” युजीनने विचारलं. खरं तर कारण त्याला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. गेल्या रविवारी गावातला गॉडफ्रे मोटरसायकलवरून पाचूबंदरला मासळी आणायला निघाला, किल्ल्याजवळच्या वळणावर त्याचं मागचं चाक तिरपं झालं आणि तो गाडीसकट आडवा झाला. खांद्याचं हाड मोडलं. चाकाचा नट सैल निघाला. ते चाक दोनच दिवसांपूर्वी अंकलांनी बसवलं होतं.

“आवळायलाच विसरलो असेन,” अंकल म्हणाले. “मला तर टक ऐकल्याचं आठवतंय. पण या वयात आठवण्याचा काय भरवसा.”

त्यांची मुलगी मर्लिन चहा घेऊन आली. “परवा गॅसही विसरले होते,” ती युजीनला म्हणाली. “मी म्हणते, एकदा डॉक्टरला दाखवू या.”

“दूध उतू गेलं होतं. गॅस नाही.”

“तेच ते, बाबा.”

एरवी अंकलांनी तिला सोडलं नसतं. आज त्यांनी मुकाट्याने कप उचलला. युजीनने आपला कप तसाच खाली ठेवला.

पाच आठवड्यांपूर्वी त्याने हाच पाना मागून नेला होता. “हा आवळायला आहे, खोलायला नाही,” अंकलांनी देताना बजावलं होतं. पण खाऱ्या वाऱ्याने त्याच्या गाडीचा नट असा गंजून बसलेला की साधा पाना सारखा निसटत होता. त्याची बायको फेलिशिया लग्नाला जायची म्हणून तयार होऊन दारात उभी होती. त्याने टॉर्क पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि त्यावर चक्क उभा राहिला. नट सुटला. काहीतरी कडकन वाजलं, ते नटाचं नव्हतं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. त्याने पाना पुसला, पेटीत ठेवला आणि वर केळ्यांची एक फणी देऊन परत केला. अंकलांनी केळ्यांबद्दल तीनदा थँक्यू म्हटलं.

“हल्ली चाक बसवलेल्या बाकीच्या गाड्या?” त्याने विचारलं.

“सहाही पुन्हा तपासल्या. याच पान्याने. नव्वदवर लावला, सगळीकडे टक झालं. त्यांना काही धोका नाही. माझंच डोकं गेलं.”

दरवर्षी चर्चच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, आधी अंकल पान्याची परीक्षा घ्यायचे. पान्याचं डोकं लोखंडी शिकंज्यात आवळून दांडा आडवा धरायचा, दांड्यावरच्या खुणेला वीस लिटरचा भरलेला जार टांगायचा. नव्वदवर लावलेला पाना तेवढ्या वजनाला बरोबर वाजला पाहिजे. यंदाचं फेस्त अजून व्हायचं होतं. पेटी घरी नेली की परीक्षा घेणारं कुणी उरत नव्हतं आणि प्रकरण तिथेच मिटत होतं. हा विचार युजीनच्या मनात आला, आणि आला तो चांगला ठाण मांडून बसला. त्याची त्यालाच लाज वाटली. त्या सहांत केनीची गाडी होती. केनी रोज दोन्ही पोरींना त्याच गाडीवर बसवून शाळेत न्यायचा.

“अंकल, फेस्ताचा जार आजच लावू या?”

“तुझा पाना. तू लाव.”

मागच्या पडवीत त्याने पाना नव्वदवर लावून शिकंज्यात धरला, रिकामा जार खुणेला टांगला आणि पिंपातलं पाणी लिटरच्या मापाने ओतायला सुरुवात केली. अंकल दारात उभे राहून मापं मोजत होते. विसाव्या मापाच्या आसपास वाजायला हवं होतं.

बाराव्याला टक झालं.

“परत,” अंकल म्हणाले.

परतही बाराव्यालाच. म्हणजे नट पुरता आवळायच्या आधीच पाना वाजत होता.

“मी पाइप लावला होता, अंकल,” युजीन म्हणाला. “नट खोलायला. वर उभा राहिलो होतो.”

“केळी आणलीस तेव्हा?”

“हो. तेव्हाच सांगायला हवं होतं. रविवारी तरी सांगायला हवं होतं.”

तो शिव्यांची वाट बघत होता. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. अंकल स्वतःच्या पंजाकडे बघत होते. त्यांनी तो मिटला, उघडला.

“मर्लिन.”

ती हात पुसत आली.

“मी गॉडफ्रेचा नट आवळला होता,” ते तिला म्हणाले. “विसरलो नव्हतो.”

तिने जाराकडे पाहिलं, मग युजीनकडे. तिने पदरासारखा हातातला टॉवेल डोळ्यांना लावला आणि आत गेली.

अंकलांनी खिळ्यावरचा साधा लांब पाना काढला. “केनीकडे आधी. पाचला पोरींना आणायला निघतो तो. आज हातानेच आवळतो, हात आहे अजून. नट मी बघीन. प्रत्येक घरी बोलायचं तू.”

“आणि गॉडफ्रेकडे?”

“तिथे नट आवळायचा राहिलेला नाही. तिथे एकटाच जा.”

सहा घरं झाली. सहाही नट आवळताना अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरले. प्रत्येक दारात युजीन बोलला, आणि दर दारात ते आधीपेक्षा जड गेलं. मग अंकल घराकडे वळले आणि तो गॉडफ्रेच्या दाराशी आला.

गॉडफ्रेच्या बायकोने, बेटीने, दार उघडलं. आत गॉडफ्रे खांदा बांधून पडला होता.

“ये ना, युजीन,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “सॅन्टन अंकल कसे आहेत रे? फार विसरायला लागलेत म्हणे. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही, सांग त्यांना.”

युजीन उंबऱ्याबाहेरच थांबला.

“नाही, बेटी,” तो म्हणाला. “अंकल काही विसरले नव्हते.”