श्वासाची जागा

कॉलेजच्या फाटकासमोर मास्तरांचं दुकान होतं, आणि त्या दुकानात कपड्यांपेक्षा थापाच जास्त शिवल्या जात. मास्तर म्हणजे खडू-फळ्यावाले नव्हेत, कात्री-टेपवाले. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसतं बघून ते कंबर सांगायचे. वर शपथेवर सांगायचे की एका भल्या थोरल्या गिऱ्हाइकाचं माप घेताना त्यांनी टेपचं टोक त्याच्या हातात दिलं आणि त्याच्याभोवती फेरी मारायला निघाले, ते थेट दुपारच्या चहालाच परतले.

मापातल्या याच हातखंड्यामुळे कॉलेजच्या डॉक्टरबाई एकदा रस्ता ओलांडून त्यांच्याकडे आल्या. दर वर्षी सगळ्या पोरापोरींची तपासणी व्हायची. उंची, वजन, रक्तदाब, कंबर, आणि सवयींना गुण देणारा एक लांबलचक फॉर्म. झोप किती, सिगारेटी किती, सकाळी काही खाता का, पाणी किती पिता, पायी किती चालता. साडेतीनशे कंबरा मोजायला बाईंना माणूस मिळत नव्हता. नियम साधा होता. मुलाची कंबर छत्तीस इंचांवर किंवा मुलीची साडेएकतिसावर गेली, की डावीकडच्या खोलीत, बोट टोचून साखर बघायला. बाकीच्यांनी उजव्या दाराने बाहेर. सगळ्यांची बोटं टोचण्याइतक्या साखर तपासायच्या पट्ट्या कॉलेजकडे नव्हत्या.

पहिल्याच वर्षी डाव्या खोलीसमोर जत्रा लोटली.

"मास्तर, अहो, अर्धं कॉलेज लठ्ठ कसं निघालं?"

"श्वासाची जागा धरलीय, बाई. दोन बोटं टेपच्या आत. नाहीतर माणूस बसणार कसा, शिंकणार कसा?"

"मी यांना पँटी शिवून देणार नाहीये!"

तीन दिवस बोटं टोचून टोचून बाईंचा अंगठा सुजला. पुढच्या वर्षीपासून मास्तरांनी कान पकडले. दोन बोटं बंद. टेप अंगाबरोबर, आकडा खरा.

त्यांची मुलगी त्याच कॉलेजात शिकत होती. लहानपणी दोऱ्याने गच्च भरलेल्या बॉबिनसारखी गोल होती, म्हणून घरात तिचं नाव बॉबिन पडलं, आणि फाटकातून आत गेल्यावर तेच नाव चिडवायला उपयोगी आलं. पहिलं वर्षभर ती मान खाली घालून वर्गात गेली. दुसऱ्या वर्षी मात्र एका दुपारी दुकानात आली ती मिरवतच.

"बाबा, स्कर्ट जरा आत घ्या ना. कमरेवर ठरत नाहीये."

मास्तरांनी टेप लावली. तीसचे एकोणतीस. घरातल्या माणसांची मापंसुद्धा ते गिऱ्हाइकांसारखीच वहीत लिहायचे, तारखेसकट. आकडा लिहिला, शिवण आत घेतली. कापड कापलं नाही. कापड कापणारा शिंपी त्यांच्या मते अर्धा कसाई. जादा कापड आत दुमडून ठेवायचं, उद्या माणूस भरला तर सोडायला हवं.

महिन्याभरात बॉबिन पुन्हा आली. मग पुन्हा. साडेसत्तावीस. सव्वीस.

"अहो, पोर वाळत चाललीय," तिची आई म्हणाली.

"वाळतेय कुठे? वळणावर येतेय! रोज कॉलेजपर्यंत पायी जाते, बिस्किटाला हात लावत नाही."

"जेवते की चांगली दुप्पट. आणि पाणी बघितलंत किती पिते?"

पाण्याचा विषय निघाला की मास्तरांच्या अंगात यायचं. गिऱ्हाइकांपुढे रंगवून सांगायचे, "आमच्या बॉबिननं ग्लास उचलला की पाणीपुरवठ्याचा साहेब खुर्चीतून उठून उभा राहतो. परवा धरणावरून माणूस आला होता विचारायला, मास्तर, तुमच्याकडे कुठे गळती आहे का?" दुकान खदखदून हसायचं. सगळ्यांत जोरात बॉबिन हसायची, आणि हसता हसता कोपऱ्यातल्या मडक्यातून आणखी दोन ग्लास रिचवायची. रात्री चार चार वेळा उठायची. एवढं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

तपासणीच्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. मुलींसाठी मास्तरांची वेगळी रीत होती. टेपचं टोक मुलीनेच धरायचं, स्वतःभोवती गुंडाळायचं, मास्तर फक्त आकडा वाचणार. बॉबिनने टेप गुंडाळली. टोक एकदा तिच्या हातातून निसटलं. मास्तरांना वाटलं, मागे मैत्रिणी उभ्या आहेत म्हणून.

"ओढ अजून. अंगाबरोबर. बाईंचा नियम आहे." मास्तरांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा आकडा पुकारला, "चोवीस!"

मागून कोणीतरी शिट्टी मारली. बॉबिनच्या तोंडावर असं काही हसू फुटलं की मास्तरांनी ते जन्मभरासाठी घडी घालून ठेवलं.

"बाबा, मी तिकडे बसू का जरा? पायात गोळे येतायत." डाव्या खोलीबाहेर बाक होता.

"तो बाक जाड्यांचा! तू उजवीकडे, फुलपाखरा. चल, पुढे."

ती उजव्या दाराने बाहेर गेली.

आठ दिवसांनी फॉर्मांचे गुण लागले. सिगारेट शून्य, चालणं रोज, कंबर रेषेच्या कितीतरी आत, पाणी भरपूर. आरोग्याच्या सवयींमध्ये बॉबिन कॉलेजात पहिली. सूचनाफलकावर पहिल्या तिघांत मधोमध तिचा फोटो लागला. मास्तर दिवसातून तीनदा रस्ता ओलांडून तो बघून यायचे आणि परतताना अनोळखी माणसाला थांबवून सांगायचे, "ती मधली आमची."

फोटो लागून चौथा दिवस. बॉबिनच्या पोटात कळ आली. परीक्षा जवळ आली होती, म्हणून आईने पोटाचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी उलट्या. मास्तर कपाळावर हात ठेवायला वाकले तर तिच्या तोंडाला अतिपिकलेल्या फळासारखा वास येत होता. "चोरून लिमलेटच्या गोळ्या खातेस का गं?" त्यांनी विचारलं. ती हसली नाही. धावून आल्यासारखा श्वास घेत होती, आणि ती तर सकाळपासून पलंगावरून उठलीच नव्हती.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने रक्त बघितलं आणि तो नर्सला ओरडून काहीतरी सांगत आत धावला. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "साखर सहाशेच्या वर आहे. मधुमेह आहे हिला, हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"मधुमेह?" मास्तर म्हणाले. "अहो, तो जाड्या माणसांना होतो."

"या वयात होतो तो वेगळा. त्यात माणूस वाळतो. तहान लागते, सारखी लघवी होते, वजन उतरतं. हिचं वजन कधीपासून कमी होतंय?"

वजन मास्तरांना ठाऊक नव्हतं. ते दुकानात गेले, कुलूप काढलं, वही घेऊन आले. डॉक्टरने पान उघडलं. तीस. एकोणतीस. साडेसत्तावीस. सव्वीस. चोवीस. प्रत्येकापुढे तारीख, मास्तरांच्या सुबक अक्षरात. सहा महिन्यांचं पान. डॉक्टरने एकेका तारखेवरून बोट खाली नेलं. मग त्याने वही मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

बॉबिन दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

तिची आई रडली नाही, भांडली नाही. चौथ्या दिवशी ताट वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "मी नुसती डोळ्यांनी बघत होते हो. टेप तुमच्या हातात होती."

डॉक्टरबाईही दुकानात येऊन गेल्या. फलकावरचा फोटो काढून त्यांनी लिफाफ्यात घालून आणला होता. तो मशीनवर ठेवला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून राहिल्या. "भरपूर पाण्याचे दहा गुण मी ठेवले होते, मास्तर," एवढंच म्हणाल्या. मास्तरांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. दोघांनीही प्यायला नाही.

मग मास्तर बॉबिनचे स्कर्ट घेऊन बसले. एकेक शिवण उसवायला लागले. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं, नवं कोरं, ऊन न लागलेलं, बाहेरच्या विटक्या रंगाशेजारी गडद. पाच स्कर्ट होते. पाचही त्यांनी पुन्हा तिसावर आणून ठेवले.

वर्षभर दुकानात थाप म्हणून ऐकू आली नाही. गिऱ्हाइकं माप देऊन गुपचूप जायची. पुढची तपासणी जवळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई दुसरा माणूस बघतील. बाईंनाही तसंच वाटत होतं. पण मास्तर सकाळी आठला गळ्यात टेप घालून हजर.

दुपारपर्यंत डाव्या बाकावर काडीपैलवान बसले होते. पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. बाई यादी घेऊन बाहेर आल्या.

"मास्तर, या मुलाची कंबर सदतीस? हा दाराच्या फटीतून आत येईल!"

"त्याने शर्ट खोचला होता, बाई."

"आणि हा चाळीस?"

"त्याच्या खिशात रुमाल होता."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. पट्ट्या मोजक्याच होत्या. तरी यादीवर सही करून त्या आत गेल्या.

चारच्या सुमाराला एक मुलगी पुढे आली. पाठीवर सॅक, हातात पाण्याची मोठी बाटली. ड्रेस खांद्यावरून घसरत होता, कमरेला सेफ्टी पिन लावून आवळलेला. मास्तरांची नजर त्या पिनेवर अडकली.

"हा ड्रेस गेल्या वर्षी नीट बसत होता का गं?"

"हो. आता छान बारीक झालेय ना मी," ती लाजून म्हणाली.

"तहान लागते?"

"खूप. उन्हातून येते ना."

तिने टेप गुंडाळली आणि टोक पुढे केलं. टेपवर बावीस होते. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि पुकारलं, "अडतीस."

रांगेत हशा पिकला. मुलगी गोरीमोरी झाली. "काका! मी? अडतीस?"

"श्वासाची जागा धरलीय, बाळा. उजवीकडे नाही. इकडे."

इतक्या वर्षांत मास्तर मापाच्या खुर्चीवरून मधेच कधी उठले नव्हते. मागे शंभर पोरं ताटकळत होती. ते उठले, टेप गळ्यात टाकली, मुलीच्या पुढे चालत डाव्या खोलीपर्यंत गेले आणि तिला बाकावर बसवलं. तिची बाटली स्वतःच्या हातात घेतली. सकाळी भरून आणलेली असणार. ती रिकामी होती.

"तुमची रांग, काका," ती म्हणाली.

"थांबेल ती," मास्तर म्हणाले आणि तिच्या शेजारी बसून राहिले.